कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडात पीएच मीटर अडकतो, रेट जुळत नाही, काय काय तपासायचं?

जानेवारी उलटला की जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, कुठल्याही कॉलेजची एम.एस्सी.ची लॅब घ्या, तीव्र ॲसिडात रिॲक्शनचा वेग, म्हणजे रेट, मोजणाऱ्या प्रोजेक्टवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. "मॅडम, ४ नॉर्मल एचसीएल आणि ६ नॉर्मल एचसीएल, दोघांत मीटर जवळपास सारखंच दाखवतो, आकडा स्थिर पण राहत नाही, सरकतच जातो, आणि रेट मात्र भलताच वाढलेला येतो, मंग ग्राफ कायवर काढायचा?" मीटर बदलतात, इलेक्ट्रोड बदलतात, बफरच्या (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या) नवीन गोळ्या आणतात, तरी तेच. कारण बिघाड मीटरमध्ये नसतोच बहुतेक वेळा. प्रश्नच असा विचारलाय की त्याचं उत्तर पीएच मीटरकडे नाहीये.

म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते. बेसिक इन्स्ट्रुमेंट असलेल्या कॉलेजात, म्हणजे एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, एक वॉटर बाथ आणि ब्युरेट एवढ्यावर हे सगळं जमतं, महागडं काही लागत नाही.

आधी डोक्यातला गुंता सोडवू. ॲसिड किती घातलंय आणि ते ॲसिड समोरच्या रेणूवर प्रोटॉन किती जोरात ढकलतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०.०१ किंवा ०.१ नॉर्मलपर्यंत दोन्ही जवळजवळ एकाच आकड्याने सांगता येतात म्हणून बी.एस्सी.पर्यंत आपल्याला फरक जाणवत नाही. पण ६ मोलर एचसीएलमध्ये (एचसीएलला मोलर आणि नॉर्मल एकच) हिशोब करून बघा, लिटरमागे साधारण ८८० ग्रॅम पाणी उरतं, म्हणजे ४९ मोल, आणि ॲसिड ६ मोल, म्हणजे एका एचसीएलमागे फक्त आठ पाण्याचे रेणू. त्यातले तीन-चार तर एकट्या प्रोटॉनभोवतीच गुंतलेले, क्लोराइडला वेगळे हवेत. मोकळं पाणी कमी झालं की प्रोटॉनला पकडून ठेवणारं कोणी राहत नाही, आणि तो समोर येईल त्या रेणूवर जास्त जोराने जाऊन बसतो. एचसीएलचा ॲक्टिव्हिटी कोइफिशियंट, म्हणजे घातलेल्या ॲसिडाच्या किती पट ते प्रत्यक्षात वागतं तो आकडा, १ मोलॅलला (एक किलो पाण्यात १ मोल) ०.८१ आहे, ६ मोलॅलला ३.२ आणि १० मोलॅलला १० च्या वर जातो. पुस्तकात शेवटच्या पानावर हा तक्ता असतो, तो कोणी उघडत नाही.

आता मीटर नेमका का अडकतो ते. काचेच्या इलेक्ट्रोडच्या टोकावर पाणी प्यायलेला पातळ जेलचा थर असतो, त्याच्याच जिवावर तो काम करतो. पीएच ०.५ च्या खाली गेलं की या थरातलं पाणी ओढलं जातं, ॲसिड आत शिरतं, आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त पीएच दाखवायला लागतो. याला ॲसिड एरर म्हणतात, आणि आकडा हळूहळू सरकत राहणं हे त्याचंच लक्षण. दुसरं, रेफरन्स इलेक्ट्रोडच्या बाजूला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि तुमचं ॲसिड जिथे भेटतात तिथे एक नको असलेला व्होल्टेज, म्हणजे जंक्शन पोटेन्शियल, तयार होतं. प्रोटॉन बाकी सगळ्या आयनांपेक्षा खूप वेगाने पळतो, म्हणून कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडात हे पोटेन्शियल मोठं होतं आणि दर वेळी बदलतं. २५ अंशाला ५९ मिलिव्होल्ट म्हणजे एक पीएच युनिट, तेव्हा जंक्शनमध्ये १५-२० मिलिव्होल्ट इकडे तिकडे झाले की पाव-तिसरा हिस्सा युनिट गेलाच. आणि तिसरं म्हणजे आपण कॅलिब्रेट करतो ४ आणि ७ च्या बफरवर, मोजतो उणे १ च्या आसपास, म्हणजे चोपड्याला पट्टी लावून धुळ्याचं अंतर सांगायचं. १.६८ चा टेट्राऑक्झलेट बफर मिळतो, तो वापरला तर पीएच १ पर्यंत बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो, पण ६ नॉर्मलला तो पण काही वाचवत नाही.

पर्क्लोरिक ॲसिड वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण यात इलेक्ट्रोड खरंच खराब होतो. रेफरन्समधलं पोटॅशियम आणि बाहेरचं पर्क्लोरेट भेटलं की पोटॅशियम पर्क्लोरेटचे बारीक स्फटिक सिरॅमिकच्या छिद्रातच बसतात, कारण ते पाण्यात फार कमी विरघळतं. मग इलेक्ट्रोड बफरमध्ये पण नीट येत नाही आणि आपण म्हणतो मीटर गेला. कोमट पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवलं तर कधी कधी सुटतं. ॲसिडात घातलेला कुठलाही इलेक्ट्रोड नंतर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, ही सवय आपल्याकडे जवळपास प्रत्येक लॅबमध्ये चुकीची लागलेली आहे.

मग ॲसिडिटी मोजायची कशी? याचं उत्तर लुई हॅमेट आणि डेरप या केमिस्टांनी १९३२ मध्येच देऊन ठेवलंय. त्यांची कल्पना साधी होती, इलेक्ट्रोडला विचारूच नका, एका कमजोर बेसला विचारा. असा रंगीत बेस, म्हणजे इंडिकेटर, घ्यायचा की जो प्रोटॉन घेतला की रंग सोडतो, आणि किती टक्के रेणूंनी प्रोटॉन घेतला ते रंगावरून मोजायचं. त्यावरून जो आकडा येतो तो एच-नॉट. सूत्र एवढंच: एच-नॉट = इंडिकेटरचा पीकेए − लॉग (प्रोटॉन घेतलेला ÷ न घेतलेला). पीकेए म्हणजे ज्या ॲसिडिटीला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा. पातळ द्रावणात हा आकडा पीएचशीच जुळतो, आणि कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडात खाली खाली उणे जात राहतो.

आकडे बघा म्हणजे विश्वास बसेल. एचसीएल १ मोलरला एच-नॉट −०.२०, २ ला −०.६९, ४ ला −१.४०, ६ ला −२.१२. आता ६ चा नुसता उणे लॉग काढला तर −०.७८ येतो. फरक १.३४, म्हणजे वीस-बावीस पट. एवढा मोठा फरक आपण कॉन्सन्ट्रेशन लिहून झाकून टाकतो आणि मग रेट का वाढला म्हणून डोकं धरून बसतो. सल्फ्युरिकमध्ये तर अजून भारी, वजनाने १० टक्क्याला साधारण −०.३, २० ला −१.०, ३० ला −१.७, ४० ला −२.४, ५० ला −३.४, ६० ला −४.५, आणि शंभर टक्क्याला −१२ च्या जवळ.

इंडिकेटर कुठला घ्यायचा याच्यात मुलं सगळ्यात जास्त फसतात. एकाच नायट्रोॲनिलीनवर सगळी रेंज काढायला जातात. पॅरा-नायट्रोॲनिलीनचा पीकेए १.० आहे, तो ०.१ नॉर्मलच्या आसपासच कामाचा, २ नॉर्मलमध्ये टाकला तर रंग पार गेलेला, मग ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) ०.०१ आला काय आणि ०.०२ आला काय, लॉगमध्ये ०.३ चा फरक पडतो. नियम असा धरा की दोन रूपांचं प्रमाण १:१० ते १०:१ च्या आतच असलं पाहिजे, बाहेर गेलं की पुढचा इंडिकेटर. ऑर्थो-नायट्रोॲनिलीन −०.२९, तो १ नॉर्मलजवळ मस्त चालतो. मग ४-क्लोरो-२-नायट्रोॲनिलीन −१.०३, मग २,५-डायक्लोरो-४-नायट्रोॲनिलीन −१.८ च्या जवळ, मध्ये एक-दोन अजून लागतात, आणि ५०-६५ टक्के सल्फ्युरिकसाठी २,४-डायनायट्रोॲनिलीन, −४.५ च्या आसपास. एकाची रेंज संपते तिथे दुसऱ्याची सुरू झालेली असली पाहिजे, म्हणजे मधल्या दोन-तीन द्रावणांत दोन्ही इंडिकेटर मोजून आकडा जुळतो का ते बघायचं. न जुळल्यास पुढे जाऊच नका. याच्यापुढचा ट्रायनायट्रोॲनिलीन हा स्फोटक पदार्थ आहे, तो मागवायच्या भानगडीत पडू नका, आणि बाकीचे सगळे नायट्रोॲनिलीन कातडीतून शरीरात जातात, ग्लोव्हज घालूनच.

एक उदाहरण करून दाखवते. समजा ६ मोलर एचसीएलमध्ये २,५-डायक्लोरो-४-नायट्रोॲनिलीन टाकलाय. तेवढ्याच इंडिकेटरचं ॲब्सॉर्बन्स साध्या पाण्यात ०.८०, खूप जास्त ॲसिडात शून्य, आणि तुमच्या द्रावणात ०.२७. मग प्रोटॉन घेतलेला भाग ०.८० वजा ०.२७ म्हणजे ०.५३, न घेतलेला ०.२७, भागाकार १.९६, लॉग ०.२९. पीकेए −१.८२ धरला तर एच-नॉट आला −२.११. तक्त्यातल्या −२.१२ शी जुळला. असा जुळला तर समजा की तुमचं ॲसिड, तुमचा सेल, तुमची पद्धत सगळं जागेवर आहे. खरं सांगायचं तर एचसीएल आणि सल्फ्युरिकसाठी तक्ता आहेच, तुम्हाला प्रत्येक वेळी मोजायची गरज नाही, पण एक-दोन पॉइंट स्वतः मोजून तक्त्याशी ताडून बघणं याला मी फार किंमत देते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

आकडा जुळला नाही तर बहुतेक वेळा या ठिकाणी घोळ असतो. एचसीएल पिवळट आहे का बघा. टेक्निकल ग्रेडच्या एचसीएलमध्ये लोखंड असतं, त्याचं क्लोराइड ३५० नॅनोमीटरच्या आजूबाजूला शोषतं आणि पॅरा-नायट्रोॲनिलीन मोजतो आपण ३८० ला, म्हणजे थेट डोक्यावर. म्हणून ब्लँक (ज्यावर मशीन शून्य करतो ते द्रावण) पाण्याचा नाही, त्याच बाटलीतल्या, त्याच कॉन्सन्ट्रेशनच्या ॲसिडाचा. दुसरं, इंडिकेटर पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून अल्कोहोलमध्ये स्टॉक करतात, ते ठीक आहे, पण एका द्रावणात अर्धा मिली आणि दुसऱ्यात तीन मिली असं केलं तर अल्कोहोलच ॲसिडिटी बदलतं, सगळीकडे सारखं आणि एक टक्क्याच्या आत ठेवा. इंडिकेटर फार टाकू नका, पॅरा-नायट्रोॲनिलीन लिटरला आठ-दहा मिलिग्रॅम पुरतो. आणि ॲसिड वाढवलं की ज्या वेव्हलेंग्थला सगळ्यात जास्त शोषतं ती थोडी सरकते, तेव्हा एकाच वेव्हलेंग्थला डोळे मिटून न मोजता एकदा पूर्ण स्कॅन काढून बघा.

नायट्रिक ॲसिडात हे करू नका, सरळ सांगते. त्याच्यात थोडं का होईना नायट्रस ॲसिड असतंच, ते ॲनिलीनला डायझोटाइज करून टाकतं, म्हणजे दुसऱ्याच पदार्थात बदलतं, रंग उडत जातो आणि तुम्हाला वाटतं की प्रोटॉन बसतोय. पाच मिनिटांनी परत मोजलं आणि ॲब्सॉर्बन्स अजून खाली गेलं तर तेच चाललंय. सल्फॅमिक ॲसिड टाकून नायट्रस काढता येतं, पण ज्याला पहिल्यांदाच शिकायचंय त्याने एचसीएल किंवा सल्फ्युरिकच घ्यावं.

आता ॲसिडाच्या बाटलीबद्दल, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. "बाटलीवर ३५ टक्के लिहिलंय म्हणून ११.३ नॉर्मल धरला" हे वाक्य मी आता ऐकायलाच तयार नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्टोअर रूम भट्टीसारखी तापते, झाकण उघडलं की भसकन धूर येतो, तो धूर म्हणजे एचसीएलच चाललंय बाहेर, दोन महिन्यांपूर्वी उघडलेली बाटली तेवढीच असेल याची काही खात्री नाही. सल्फ्युरिकचं उलटं, ते पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पातळ होतं. टायट्रेट करा. आणि पिपेटने मोजून नाही, वजन करून. कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक दाट असतं, पिपेटच्या काचेला चिकटून राहतं, ५ मिलीच्या पिपेटमधून ५ मिली उतरतच नाही. झाकणाच्या फ्लास्कमध्ये आधी पाणी घ्या, वजन करा, दहा एक ग्रॅम ॲसिड टाका, परत वजन, थंड झाल्यावर २५० मिली करा आणि त्यातलं २५ मिली टायट्रेट करा. सोडियम कार्बोनेट ओव्हनमध्ये नीट वाळवून त्याच्यावर स्टँडर्डाइज.

भुसावळला बॅटरीच्या दुकानात जाऊन बघा, तिथला माणूस कधी पीएच मोजतो का? हायड्रोमीटर टाकतो, १.२८ आलं की बास. त्याला ठाऊक आहे की त्याला कॉन्सन्ट्रेशन हवंय, १.२८ म्हणजे साधारण ३७ टक्के सल्फ्युरिक, ५ मोलरला थोडं कमी. आपण पण लॅबमध्ये मधल्या रेंजसाठी घनतेवरून टक्के काढू शकतो, फक्त तापमान लिहा आणि त्याच तापमानाचा तक्ता घ्या. पण ९५ टक्क्याच्या वर हा उपाय चालत नाही, तिथे घनता जवळजवळ हलतच नाही, ९८ च्या आसपास तर शिखरावर जाऊन परत थोडी उतरते.

द्रावण बनवताना ॲसिड पाण्यात, हे लिहायची गरज नसावी पण लिहिते. ५० मिली सल्फ्युरिक आणि ५० मिली पाणी मिळून १०० होत नाही, ९२-९३ मिलीच होतं, आणि गरम असताना मार्कपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर अजून खाली जातं. पूर्ण थंड करा मग मार्क. आपल्याकडच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर बहुतेक २७ अंश छापलेलं असतं, परदेशी असेल तर २०, ते एकदा बघून घ्या.

इथपर्यंत ॲसिडिटी झाली. आता रेट, आणि खानदेशात रेटचा पहिला शत्रू तापमान.

वॉटर बाथला हीटर असतो, थंड करायची सोय नसते. हे इतकं साधं आहे पण कोणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात लॅब ३८-४० अंशाला असते, बाथ ३० वर सेट केलेला असतो, लाल दिवा बंद दिसतो, मुलांना वाटतं सेट झालं, आणि थर्मामीटर टाकून बघितलं तर ३७. तो दिवा बंद आहे कारण हीटरला कामच नाहीये, बाथ खोलीच्या मागे मागे चाललाय. सकाळी आठला एक रन आणि दुपारी दोनला दुसरा रन, मध्ये सात-आठ अंशाचा फरक. एस्टरच्या हायड्रोलिसिसची (पाण्याने एस्टर फुटण्याची) ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रिॲक्शनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची टेकडी, साधारण मोलला ६५-७० किलोज्यूलच्या घरात असते, त्याने एका अंशाला रेट सुमारे ९ टक्के वाढतो. साखरेच्या इन्व्हर्जनला (साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटण्याला) १०८ च्या आसपास, तिथे एका अंशाला १५ टक्के. तुम्ही ॲसिड बदलल्यामुळे रेट बदलला असं समजता आणि तो ऊन वाढल्यामुळे बदललेला असतो. २५ वरून ४० ला गेलं तर एस्टरचा रेट साडेतीन पट होतो, म्हणजे ॲसिडच साडेतीन पट घातल्यासारखं.

याच्यावर तीन मार्ग आहेत, मला पहिला सगळ्यात आवडतो. कायनेटिक्स, म्हणजे वेग मोजायचं काम, हिवाळ्यात उरका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी चांगलीच थंडी असते, तेव्हा २५ अंशाचा बाथ एकदम छान धरतो, प्रोजेक्टचं लायब्ररी काम उन्हाळ्यासाठी ठेवा, उलटं नाही. ते शक्य नसलं तर बाथ ४५ वर लावा, म्हणजे खोलीपेक्षा वर, मग हीटर काम करतो, पण मग ॲसिड सल्फ्युरिकच घ्या, एचसीएल ४५ ला उडतं. आणि तिसरं, कूलरची छोटी पंप. जळगावात घरोघरी कूलर, त्याची जुनी पंप कोणाच्या तरी घरी पडलेली असतेच. बादलीत माठातलं पाणी किंवा बर्फाचं पाणी, त्यात पंप, पातळ नळी बाथमध्ये चार वेटोळे घालून परत बादलीत. थंड पाणी सतत बाथमधून फिरतं, त्यामुळे हीटरला सतत थोडं काम राहतं, आणि दोघांच्या ओढाओढीत तापमान पाव अंशात बसतं. आपला उन्हाळा कोरडा आहे म्हणून माठातलं पाणी खोलीपेक्षा दहा-बारा अंश थंड असतं, बर्फ नसला तरी ३० चा बाथ निघतो. लाइट गेली तर रन सोडून द्या, ओढूनताणून पूर्ण केलेला रन नंतर ग्राफमध्ये एकटा वर लटकतो. पंप आणि बाथ दोन्हीच्या वायरी ओल्या हातापासून आणि पाण्यापासून लांब.

ॲसिड आणि रिॲक्टंट दोन्ही बाथमध्ये आधी ठेवा, एकाच तापमानाला येऊ द्या, आणि मिसळल्यावर थर्मामीटर परत बघा. पाणी असलेलं काही कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये टाकलं तर ते स्वतःच गरम होतं, आणि पहिली पाच मिनिटं तुम्ही जो वेग मोजता तो त्या गरमीचा असतो.

मग येतो टायट्रेशनचा प्रश्न, "०.५ नॉर्मलला प्रॅक्टिकल एकदम बरोबर आलं, ६ नॉर्मलला पॉइंट कुठेही जाताहेत". हे होणारच होतं. हिशोब करा. ५ मिली मिथाइल ॲसिटेट १०० मिलीमध्ये, म्हणजे साधारण ०.६३ मोलर, ५ मिली काढलं की त्यातून जास्तीत जास्त ३.१ मिलिमोल ॲसिटिक ॲसिड सुटणार. ०.५ नॉर्मलमध्ये मूळ ॲसिड तेवढ्यात २.५ मिलिमोल असतं, म्हणजे वाढ स्पष्ट दिसते. ६ नॉर्मलमध्ये मूळचं ३० मिलिमोल आणि त्याच्यावर तुम्हाला ३ ची वाढ मोजायची आहे. १ नॉर्मल कॉस्टिक सोडा घेतला तर ३० मिलीचं रीडिंग आणि त्यात ३ मिलीचा बदल, पिपेट ०.०२ मिलीने चुकलं तरी टायटर (ब्युरेटचं रीडिंग) ०.१२ ने हलतं, म्हणजे पूर्ण बदलाच्या ४ टक्के एका पिपेटमध्येच गेले. शेवटच्या पॉइंटांना तर अर्थच राहत नाही. शिवाय एवढं ॲसिड सोड्याने मारताना फ्लास्क गरम होतो, शेवटी सोडा थोडा जास्त झाला की उरलेला एस्टर सोड्यानेच फुटायला लागतो आणि फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग येतो आणि जातो, येतो आणि जातो. बर्फाच्या पाण्यात टाकून रिॲक्शन थांबवा (क्वेंच करा), पहिला गुलाबी ३० सेकंद टिकला की थांबा, एवढं केलं तरी २ नॉर्मलच्या पुढे या पद्धतीवर मी भरवसा ठेवत नाही.

त्यापेक्षा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दिसणारा एस्टर घ्या, पॅरा-नायट्रोफेनिल ॲसिटेट स्वस्त आहे. पण इथे पण एक ठरलेला खड्डा आहे. मुलं ४०० नॅनोमीटरला लावतात कारण बी.एस्सी.ला एन्झाइमच्या प्रॅक्टिकलमध्ये ४०० ला पिवळा रंग बघितलेला असतो, आणि मग तासभर काहीच वाढत नाही म्हणून रिॲक्शन होत नाही असं लिहून मोकळे. पिवळा असतो तो फेनोलेट, म्हणजे प्रोटॉन सोडलेलं रूप, आणि एस्टर फुटून सुटणाऱ्या पॅरा-नायट्रोफेनॉलचा पीकेए ७.१ च्या आसपास आहे, ॲसिडात तो प्रोटॉनसकटच राहणार आणि ३१७ नॅनोमीटरला शोषणार. ३१७ ला लावा, क्वार्ट्झचा सेल घ्या, सेलला झाकण लावा, नाहीतर वाफेने आतला मेटलचा होल्डर गंजतो आणि पुढच्या बॅचला मशीनच राहत नाही. साखरेचं इन्व्हर्जन पोलॅरिमीटरवर (द्रावण प्रकाश किती वळवतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मीने १८५० मध्ये याच रिॲक्शनचा वेग मोजून कायनेटिक्सची सुरुवात केली, पण ४ नॉर्मलच्या पुढे आणि गरम असताना द्रावण पिवळं मग तपकिरी होत जातं, ट्यूबमधून उजेडच येत नाही. ते गुळासारखं दिसायला लागलं की रन संपला.

आता तो मूळचा प्रश्न, ग्राफ कायवर काढायचा. लॉग के (के म्हणजे रेट कॉन्स्टंट, वेगाचा आकडा) विरुद्ध पीएच मीटरचा आकडा, हे कधीच नाही. दोन ग्राफ काढा, एक लॉग के विरुद्ध लॉग कॉन्सन्ट्रेशन, दुसरा लॉग के विरुद्ध उणे एच-नॉट, आणि कुठला सरळ येतो, कुठल्याचा स्लोप १ च्या जवळ आहे ते बघा. साखरेचा रेट एच-नॉटच्या मागे जातो. १ मोलरवरून ४ मोलर एचसीएलला गेलं तर कॉन्सन्ट्रेशन चौपट, पण एच-नॉटचा फरक १.२०, म्हणजे सोळा पट, आणि रेट त्या सोळाच्या बाजूला झुकतो. साध्या ॲसिटेट एस्टरचा रेट मात्र कॉन्सन्ट्रेशनच्या जवळ राहतो. झुकर आणि हॅमेट यांनी १९३९ मध्ये यावरून असं मांडलं की रेट एच-नॉटच्या मागे गेला तर निर्णायक, म्हणजे सगळ्यात सावकाश, पायरीत पाणी नाही, आणि कॉन्सन्ट्रेशनच्या मागे गेला तर पाण्याचा रेणू त्यात आहे. पुस्तकात अजून हेच दोन खाने दिलेले असतात आणि व्हायव्हात पण हेच विचारतात, पण प्रत्यक्षात बऱ्याच रिॲक्शन मध्येच कुठेतरी पडतात, स्लोप ०.६ किंवा ०.७ येतो, आणि मुलं घाबरून एक-दोन पॉइंट काढून टाकतात. काढू नका भो. तो ०.६ खरा आहे.

त्याच्यासाठी बनेटने १९६१ मध्ये चांगला मार्ग दिलाय. लॉग के अधिक एच-नॉट हे y वर, पाण्याच्या ॲक्टिव्हिटीचा (खरं मोकळं पाणी किती उरलंय त्या आकड्याचा) लॉग x वर, आणि जो स्लोप येईल तो डब्ल्यू. तो −२.५ ते ० मध्ये असला तर पाणी त्या पायरीत नाही, १.२ ते ३.३ असला तर पाणी न्यूक्लिओफाइल म्हणून, म्हणजे रेणूवर हल्ला करायला, येतंय, ३.३ च्या वर असला तर पाणी प्रोटॉन इकडून तिकडे नेतंय. सल्फ्युरिकसाठी पाण्याची ॲक्टिव्हिटी २० टक्क्याला ०.८८ च्या आसपास, ४० ला ०.५७, ५० ला ०.३५, ६० ला ०.१६, यावरून दिसेल की ५० च्या पुढे पाणी किती झपाट्याने संपतं.

आणि हेच लक्षात आलं की अजून एक तक्रार आपोआप सुटते, "ॲसिड वाढवलं तर रेट कमी कसा झाला?" एथिल ॲसिटेटचा रेट सल्फ्युरिकमध्ये साधारण ५०-६० टक्क्यापर्यंत वाढतो आणि मग उतरायला लागतो, कारण प्रोटॉन बसलेला एस्टर भरपूर आहे पण त्याच्यावर हल्ला करायला पाणी नाही. ८० च्या पुढे परत चढतो, तिथे पाण्याची वाट न बघता रेणू स्वतःच फुटतो, म्हणजे मार्गच बदललेला असतो. अमाइडमध्ये ही टेकडी अजून आधी येते, बऱ्याच अमाइडांना ३ ते ६ मोलर ॲसिडातच, कारण अमाइड एस्टरपेक्षा जास्त बेसिक, लवकर पूर्ण प्रोटॉनेट होतं आणि मग ॲसिड वाढवून फायदा काहीच नाही, पाणी तेवढं कमी होतं. अमाइड घेतलं असेल तर वरचा ग्राफ तसाच काढू नका, आधी त्या कॉन्सन्ट्रेशनला किती अमाइड प्रोटॉनेट झालंय तेवढं के मधून दुरुस्त करावं लागतं, आणि ते काढायला नायट्रोॲनिलीनवाला एच-नॉट पण नको, अमाइडांसाठी येट्स, स्टीव्हन्स आणि कॅट्रिट्स्की यांनी १९६४ मध्ये दिलेलं वेगळं फंक्शन आहे, ते एच-नॉटपेक्षा सावकाश खाली उतरतं. बेंझामाइडवाल्यांचा डब्ल्यू वेडावाकडा येतो तो बहुतेक इथेच.